मारिओ कार्टचे शहरी ट्रॅक: लॅप विसरा, चौक पाठ करा

'मारिओ कार्ट' या गाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेममधला पॅरिस प्रोमेनाड ट्रॅक, तिसरा लॅप, मी पहिल्या नंबरावर. आर्क द त्रिओंफच्या कमानीला वळसा घालून गाडी आल्या रस्त्याने परत निघाली आणि शेजारी बसलेली धाकटी बहीण ओरडली, "दादा, उलटा चाललायस!" मी दचकून स्टिक फिरवली, गाडी रस्त्यात आडवी झाली. तेवढ्यात अजून दुसऱ्याच लॅपमध्ये असलेला डाँकी काँग (गेममधला गोरिला) समोरून आला आणि मला ढकलून निघून गेला. सावरेपर्यंत सातवा नंबर.

गंमत म्हणजे मी बरोबरच चाललो होतो. त्या ट्रॅकचा तिसरा लॅप उलट्या दिशेने धावतो, आणि त्यात पुढच्यांना मागचे समोरून भेटतात. मला हे ऐकून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. शहरी ट्रॅकवर हरणाऱ्या बहुतेकांची अडचण हीच असते. ड्रिफ्ट (वळणावर गाडी घसरवत नेणं) येतो, आयटम (केळं, शेल अशी वाटेत मिळणारी हत्यारं) कधी टाकायचा तेही कळतं, पण पुढच्या चौकात डावीकडे जायचं की उजवीकडे, हे ऐन वेळी आठवत नाही. तो अर्धा सेकंद जातो आणि त्यासोबत ड्रिफ्टही जातो.

हा लेख निन्टेन्डो स्विचवरच्या 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'मधल्या शहरी ट्रॅकसाठी आहे. ड्रिफ्ट म्हणजे काय, इथपासून मी सुरुवात करणार नाही. तुम्ही शंभर-दोनशे रेस खेळला आहात, नेहमीचे ट्रॅक जमतात, पण टोकियो किंवा लंडन आला की नंबर घसरतो, असं धरून चालतो.

हे ट्रॅक वेगळे का वाटतात

हे ट्रॅक मुळात मोबाइलवरच्या 'मारिओ कार्ट टूर'मधले. तो गेम २५ सप्टेंबर २०१९ ला आला. त्यात एकाच शहराचे अनेक मार्ग असायचे, न्यूयॉर्क मिनिट, मग न्यूयॉर्क मिनिट २, ३ असे आकडे लावलेले, आणि रेस दोन लॅपची. पुढे मार्च २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात बूस्टर कोर्स पास या विकतच्या पुरवणीच्या सहा हप्त्यांतून डिलक्समध्ये ४८ ट्रॅक आले, त्यांतले १४ शहरांचे: पॅरिस, टोकियो, न्यूयॉर्क, सिडनी, लंडन, बर्लिन, ॲमस्टरडॅम, बँकॉक, सिंगापूर, अथेन्स, लॉस एंजेलिस, व्हँकुव्हर, रोम आणि माद्रिद.

डिलक्समध्ये आणताना ते सुटे मार्ग एकाच रेसमध्ये शिवले गेले. म्हणून पहिल्या लॅपला डावीकडे नेणारा चौक दुसऱ्या लॅपला सरळ नेतो. बंद केलेल्या रस्त्यावर बाणांचे चमकते अडथळे उभे राहतात. कुठे एखादाच चौक बदलतो, कुठे अर्धा लॅपच नवा निघतो.

नेहमीचा ट्रॅक आपण कसा शिकतो? पहिल्या लॅपला चुकतो, दुसऱ्याला सुधारतो, तिसऱ्याला जमतं. शहरी ट्रॅकवर ही सोय नाही. चुकलेलं वळण त्या रेसमध्ये पुन्हा येईलच असं नाही. त्यामुळे 'तीन लॅप' हा शब्दच डोक्यातून काढा. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच लांब रस्ता आहे, मध्ये दोनदा लॅपची रेघ लागते, इतकंच. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

पायरी १: आधी हळू फिरा

सगळे थेट टाइम ट्रायलला (एकट्याने घड्याळाविरुद्ध) जातात. तिथे १५० सीसी आणि २०० सीसी (आकडा मोठा तितका वेग जास्त) एवढेच वेग मिळतात आणि अनोळखी चौकासाठी दोन्ही जास्त आहेत. त्यापेक्षा व्हीएस रेस घ्या, ५० सीसी, कॉम्प्युटरचे खेळाडू सोपे. दोन मिनिटांत तुम्ही सगळ्यांच्या पुढे आणि रस्त्यावर एकटे.

या फेरीत जिंकायचं नाही, बघायचं. चौक आला की वेग सोडा, बाण कुठे आहेत ते पाहा, बंद रस्ता कुठला ते पाहा. नवखे खेळाडू फक्त उघडा रस्ता बघतात. बंद रस्ता बघणं जास्त कामाचं, कारण पुढच्या लॅपला बहुधा तोच उघडणार असतो.

स्मार्ट स्टिअरिंग (गाडीला रस्त्यावर ठेवणारी आपोआप मदत) चालू असेल तर या एका फेरीपुरतं राहू द्या, मग कायमचं बंद करा. गाडीच्या मागे छोटा अँटेना दिसत असेल तर ते चालू आहे. गाडी निवडायच्या पडद्यावर प्लस दाबलं की सेटिंग मिळतं. ते चालू असताना गाडी कडेवरून खाली जात नाही हे खरं, पण तुम्ही घेतलेलं वळण तुमचं होतं की यंत्राचं, हे कळत नाही. शिवाय ड्रिफ्ट लांबेल तशी चाकांची ठिणगी निळी, केशरी, गुलाबी होते आणि सोडल्यावर तितका मोठा बूस्ट (वेगाचा झटका) देते; त्यातली तिसरी, गुलाबी ठिणगी मिळतच नाही आणि काही शॉर्टकटांवर गाडी वळूच देत नाही.

पायरी २: चौकांची वही

हसू नका. कागदावर लिहा.

मी प्रत्येक ट्रॅकला एक पान देतो. पानावर तीन रकाने: खूण, वळण, काळजी. पहिल्या रकान्यात चौकाच्या आधी दिसणारी मोठी गोष्ट, दुसऱ्यात दिशा, तिसऱ्यात त्या जागी मी हमखास करतो ती चूक. पॅरिसच्या पानावरची शेवटच्या लॅपची पहिली ओळ अशी आहे: "कमान – पूर्ण वळसा, परत – समोरून गाड्या, कड धर, मधे राहू नको."

खूण निवडण्यात खरी कसब आहे. बाणाचा बोर्ड ही वाईट खूण, कारण तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याच्या दोन-तीन सेकंद आधी दिसणारं काहीतरी हवं. आणि शहरी ट्रॅकवर अशा गोष्टींची चंगळ असते, या ट्रॅकची मजाच ती आहे. लंडनमध्ये बिग बेन आणि टॉवर ब्रिज, रोममध्ये कोलोसियम, बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग गेट, सिडनीत ऑपेरा हाउस, सिंगापूरमध्ये पाणी ओकणारा मरलायन आणि मरीना बे सॅन्ड्सच्या छतावरचा तलाव. आयफेल टॉवर तर इतका उंच की त्याच्याकडे बघून तोंड कुठल्या दिशेला आहे तेही सांगता येतं. उंच खूण दिशेसाठी वापरा, जवळची खूण वळणाच्या वेळेसाठी.

एक सावधगिरी. खऱ्या शहराचा नकाशा माहीत असेल तर तो बाजूला ठेवा. आयफेल टॉवर आणि लूव्र यांच्यात खरं अंतर तीन किलोमीटरहून जास्त आहे, आणि आर्क द त्रिओंफच्या चौकात खरे १२ रस्ते येऊन मिळतात. गेममध्ये हे सगळं काही सेकंदांच्या रस्त्यात कोंबलंय. पॅरिस बघून आलेला माझा एक मित्र या ट्रॅकवर सगळ्यात जास्त चुकतो, कारण तो आठवणीतल्या रस्त्याला वळायला जातो.

वही लिहून झाली की कंट्रोलर बाजूला ठेवून ती एकदा मोठ्याने वाचा. "गेट, डावी. पूल, सरळ. बाग, उजवी." गाणं पाठ करावं तसं. ट्रॅक चालू असताना हेच शब्द तोंडातल्या तोंडात येऊ लागले की समजा, ही पायरी झाली.

पायरी ३: गाडी

यावर तासन्‌तास वाद घालता येतो, मी घालणार नाही. शहरी ट्रॅकवर काटकोनातली वळणं भरपूर, म्हणून मिनी-टर्बो (ड्रिफ्टनंतर मिळणारा बूस्ट) चांगला असलेली गाडी घ्या. हा आकडा पडद्यावर दिसत नाही. तिथे वेग, ॲक्सलरेशन, वजन, हँडलिंग आणि ट्रॅक्शन एवढंच दिसतं. सोपा मार्ग म्हणजे रोलर टायर. योशी, टेडी बग्गी, रोलर आणि पेपर ग्लायडर (खेळाडू, गाडी, टायर, ग्लायडर) ही जोडणी ऑनलाइन इतकी दिसते की कंटाळा यावा, पण ती दिसते याला कारण आहे.

स्पोर्ट बाइक आवडत असेल तर इतकं ध्यानात ठेवा की त्यांतल्या बऱ्याच ड्रिफ्टमध्ये आतल्या बाजूला खेचल्या जातात. काटकोनी चौकात कार्टच्या सवयीने लवकर ड्रिफ्ट धरलात तर कोपऱ्याच्या भिंतीवर जाल. बाइकला ड्रिफ्ट जरा उशिरा धरा.

पायरी ४: काटकोन

आता टाइम ट्रायल, १५० सीसी. घोस्ट (आधीच्या कुणाच्या फेरीची सोबत धावणारी नक्कल) नको, एकटेच. सुरुवातीला आकडा २ दिसल्यावर लगेच ए दाबून धरा, म्हणजे रॉकेट स्टार्ट मिळतो. त्याआधी दाबलंत तर इंजिन गुदमरतं.

शहरी ट्रॅकचं वळण डोंगरी ट्रॅकसारखं लांब आणि वाकडं नसतं. रस्ता सरळ येतो, चौक येतो, रस्ता सरळ जातो. अशा ठिकाणी सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे चौकात पोहोचल्यावर ड्रिफ्ट सुरू करणं. तोवर उशीर झालेला असतो. गाडी बाहेरच्या कडेला जाते, गवताला लागते, आणि ठिणगी निळी व्हायच्या आत संपते.

असं करून बघा. समजा उजवीकडे वळायचंय. चौकाच्या बऱ्याच आधी रस्त्याच्या डाव्या कडेला जा. चौक अजून पुढे आहे तेव्हाच आर दाबून उडी घ्या आणि ड्रिफ्ट धरा. स्टिक पूर्ण आत ढकलू नका, थोडी आत, एवढंच. गाडी तिरपी होईल पण फारशी वळणार नाही. ठिणगी भरायला इथेच सुरुवात झाली. चौकाचा आतला कोपरा जवळ आला की स्टिक पूर्ण आत, कोपऱ्याला जवळजवळ घासून जा, आणि बाहेर पडताना पुढचा सरळ रस्ता समोर दिसला की आर सोडा. नीट जमलं तर ठिणगी केशरी झालेली असते आणि बूस्ट सरळ रस्त्यावर पूर्ण वापरला जातो.

स्टिक आत असताना ठिणगी लवकर भरते, बाहेर ढकलली की हळू. म्हणून ड्रिफ्ट लांबवायचा म्हणून स्टिक बाहेर धरून बसणं फार फायद्याचं नाही. त्यापेक्षा कड जास्त दूर धरून सुरुवात करा, म्हणजे आत वळायला जागा मिळते.

आणि केशरीचा हट्ट धरू नका. लागोपाठ दोन चौक असतील, डावा आणि लगेच उजवा, तर पहिल्यात निळी ठिणगी घेऊन सोडलेली बरी. केशरीसाठी ताणलंत तर दुसऱ्या चौकाला चुकीच्या कडेवरून जाल. माझ्या वहीत अशा जोडचौकांपुढे फक्त "निळी!" असं लिहिलंय.

नजर कुठे ठेवायची, हाही प्रश्न आहे. आपली गाडी पडद्याच्या खालच्या भागात मधोमध असते आणि डोळा तिच्यावरच खिळतो. ड्रिफ्ट धरला की नजर मुद्दाम उचला आणि पुढच्या चौकाची खूण शोधा. गाडी कुठे आहे ते बोटांना कळतं. आठवडाभर विचित्र वाटेल, पण वेळ इथेच कमी होतो.

पायरी ५: तीन मशरूम

टाइम ट्रायलमध्ये तीन मशरूम (दाबल्यावर वेगाचा झटका देणारे आयटम) मिळतात. नेहमीच्या ट्रॅकवरचा हिशोब सोपा: एक मोठा शॉर्टकट आहे, तो तीनदा येतो, दर लॅपला एक मशरूम. ही सवय इतकी अंगात मुरलेली असते की शहरी ट्रॅकवरही लोक दर लॅपला एक असंच खर्च करतात.

इथे तो हिशोब लागू होत नाही. सगळ्यात फायद्याच्या तीन जागा एकाच लॅपमध्ये असू शकतात, किंवा दोन पहिल्यात आणि एक शेवटच्यात. म्हणून वहीत चौथा रकाना घाला: "मशरूम?" जिथे गवत किंवा वाळू तिरपी कापून चौकाचा कोपराच वाचतो, तिथे खूण करा. पाच-सहा जागा निघतील. मग प्रत्येक जागी मशरूम वापरून आणि न वापरता एकेकदा जा, घड्याळ बघा. पहिल्या तीन ठेवा, बाकी खोडा.

मशरूमचा बूस्ट चालू असताना ड्रिफ्टचा बूस्ट घेतला तर त्यातला एक बराचसा वाया जातो, तेवढं टाळा. आणि रस्त्यावरच्या बूस्ट देणाऱ्या पॅनेलवरून जाताना मशरूम दाबू नका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळेच करतात.

नाण्यांचं गणितही याच वेळी बसवा. रेस शून्य नाण्यांनी सुरू होते, दहापर्यंत जमतात आणि प्रत्येक नाण्याने कमाल वेग थोडा वाढतो. म्हणून पहिल्या काही चौकांत मार्ग थोडा वाकवून नाणी घेणं परवडतं. दहा झाली की नाण्यांकडे बघूही नका.

पायरी ६: घोस्टच्या मागे

आता स्टाफ घोस्ट (गेम बनवणाऱ्यांचा घोस्ट) लावा. त्याला हरवायला नाही, त्याच्या मागे जायला. तो कुठल्या कडेने चौकात शिरतो आणि ड्रिफ्ट कधी धरतो, तेवढंच बघा. पहिल्या दोन-तीन वेळा तो पुढे निघून जाईल, जाऊ द्या. पुन्हा सुरू करा आणि फक्त पहिल्या चार चौकांपुरते त्याच्यासोबत राहा. मग आठ. स्टाफ घोस्ट हरला की ऑनलाइन कोणाचा तरी, तुमच्यापेक्षा एक-दोन सेकंदच पुढे असलेला घोस्ट घ्या. जगातल्या पहिल्या नंबरच्या घोस्टमागे लागून काही शिकता येत नाही. तो पहिल्या वळणानंतर दिसतच नाही.

पायरी ७: खरी रेस

रेसमध्ये आयटम आले की शहरी ट्रॅकचे दोन-तीन वेगळे कायदे लागतात आणि ते कुणी सांगत नाही.

पहिला, केळ्याचा. नेहमीच्या ट्रॅकवर टाकलेलं केळं पुढच्या लॅपला आपल्याच चाकाखाली येऊ शकतं. शहरी ट्रॅकवर जो रस्ता एकदाच लागतो तिथे बिनधास्त टाका, आपण परत येणारच नाही. मात्र सुरुवातीच्या सरळ रस्त्यासारखा जो तुकडा प्रत्येक लॅपला लागतो, तिथे टाकलेलं केळं कुठल्या कडेला आहे ते लक्षात ठेवा. वहीत मी असे "सामाईक" तुकडे अधोरेखित केलेत.

दुसरा, पॅरिसच्या तिसऱ्या लॅपचा, जिथून हा लेख सुरू झाला. कमानीवरून परत फिरताना मागचे सगळे समोरून येतात. त्यांच्यातला कुणी स्टार (काही काळ अजिंक्य करणारा) घेऊन येत असेल, कुणी बुलेट बिलमध्ये (आपोआप ट्रॅकवर धावणारी गोळी) असेल, तर तुम्ही पहिले असलात तरी उडाल. म्हणून त्या वळणाला येताना हातात काहीतरी राखून ठेवा. हिरवं शेल इथे एरवीपेक्षा जास्त उपयोगाचं, कारण पुढे फेकलं की समोरून येणाऱ्या गर्दीत कुणाला ना कुणाला लागतंच. सुपर हॉर्न (आसपासच्यांना उडवणारा भोंगा) असेल तर गर्दीच्या मधोमध वाजवा. आणि स्वतः दुसऱ्या लॅपमध्ये मागे पडला असाल तर हाच तुकडा तुमची संधी आहे. आघाडीवरचा समोरून येणार हे तुम्हाला आधी माहीत असतं, त्याचं लक्ष मात्र वळणावर असतं. माझ्यासमोर आलेल्या डाँकी काँगने हेच केलं असावं. निदान मी तरी तसं मानतो, म्हणजे हरल्याचं दुःख कमी होतं.

तिसरा, वाटाड्याचा. ट्रॅक अजून कच्चा असेल तर पहिल्या नंबरावर राहायचा अट्टहास करू नका. दुसरे किंवा तिसरे राहा आणि पुढच्याच्या मागोमाग जा. रस्ता तो दाखवतो, स्लिपस्ट्रीमही (पुढच्याच्या मागे राहून मिळणारा वेग) मिळतो, आणि पहिल्याला शोधत जाणारं निळं शेल त्याच्या डोक्यावर पडतं. शेवटच्या दोन चौकांत पुढे निघा. फारच मागे पडलात आणि बुलेट बिल मिळाला तर तोही वाटाड्याच आहे. तो चौक कधी चुकत नाही. डोळे उघडे ठेवून त्याच्यात बसा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

शेवटचा लॅप सुरू होताना संगीताचा वेग वाढतो. तो आवाज ऐकला की मनात वहीचा तिसरा भाग उघडा. जुन्या लॅपची दिशा डोक्यात घेऊन नव्या लॅपच्या पहिल्या चौकात शिरणं, यातच सगळ्यात जास्त लोक अडथळ्यावर आदळतात.

रस्त्याखालची जमीन

शहर म्हटलं की डांबर, असं इथे नाही. ॲमस्टरडॅममध्ये रस्ता कालव्याच्या पाण्याखाली जातो. पाण्यात उडी घेतली की गाडी तरंगल्यासारखी हळू खाली येते, त्यामुळे ड्रिफ्टची उडी नेहमीपेक्षा किंचित आधी घ्यावी लागते. व्हँकुव्हरमध्ये आइस हॉकीचं मैदान लागतं. बर्फावर गाडी वळणाबाहेर घसरते, तिथे कड जास्त राखा आणि स्टिकला झटके देऊ नका. माद्रिदमध्ये फुटबॉलच्या स्टेडियममधून जायचंय आणि तिथे मोकळ्या जागेत रस्त्याच्या कडाच हरवतात. अशा ठिकाणी खूण जमिनीवर शोधू नका, बाहेर पडायचं दार कुठे आहे ते आधी ठरवा.

छोट्या उतारांवर, पायऱ्यांवर, उंचवट्यांवर कडेला येताना आर दाबून ट्रिक (हवेतली कसरत, जिने बूस्ट मिळतो) घ्यायची विसरू नका. शहरी ट्रॅकवर अशा जागा घरांच्या आणि पुलांच्या गर्दीत लपलेल्या असतात, टाइम ट्रायलमध्येच शोधून ठेवा. उडी वाटत नसलेल्या ठिकाणीही एकदा आर दाबून बघावं. मला बऱ्याच ट्रिक अशाच सापडल्या.

२०० सीसी

इथे काटकोनी चौक खरा दात दाखवतो. ड्रिफ्ट चालू असताना बी दाबा. २०० सीसीवर ड्रिफ्ट न तुटता वेग कमी होतो आणि ठिणगी टिकते. दाबून धरायचं नाही, टिचक्या मारायच्या: एक चौकाच्या तोंडाशी, गरज पडली तर दुसरी कोपऱ्यावर. सरळ रस्त्यावर मिळालेला बूस्ट पुढच्या चौकात बाहेर फेकणार असेल तर तो बूस्ट न घेतलेला चांगला. १५० सीसीच्या वहीतले मशरूमचे निम्मे तरी निर्णय इथे बदलतात, तेव्हा वेगळं पान करा.

कुठून सुरुवात करावी

माझं मत विचाराल तर पहिला पॅरिस, कारण तो एकाच धड्यात सगळं शिकवतो. मग टोकियो आणि न्यूयॉर्क. सिडनी शेवटी ठेवा. तो मला इतर शहरांपेक्षा लांबलचक आणि गुंतागुंतीचा वाटतो, वहीचं पान दोन्ही बाजूंनी भरतं. एका आठवड्याला एकच शहर. दोन शहरं एकत्र शिकायला घेतली तर त्यांचे चौक डोक्यात मिसळतात. रोमच्या ट्रॅकवर मी एकदा लंडनचं वळण घेऊन सरळ अडथळ्यावर गेलोय.

मिरर मोडचं तेवढं राहिलं. त्यात सगळा ट्रॅक आरशातल्यासारखा होतो, वहीतली प्रत्येक डावी उजवी होते. त्यासाठी नवी वही करू नका. मी आता दिशेच्या जागी बाण काढतो आणि मिररला कागद उलटा धरून उजेडासमोर बघतो. बहिणीने ते पाहिलं आणि म्हणाली, "दादा, आता खरंच उलटा चाललायस."